घरचे वाय-फाय : कोणाला कोणता पट्टा?



गेल्या सत्रातील पालकसभा आटोपली, निकालपत्रके वाटून झाली, तरी एक ताई थांबून राहिल्या होत्या. घरी साड्यांना लेस लावण्याचे काम करतात, मुलगी आपल्याच शाळेत दहावीला. म्हणाल्या, "सर, नेटचा शंभरचा प्लॅन घेतलाय. तरी पोरगी संध्याकाळी अभ्यासाचा व्हिडिओ लावते आणि ते चाक नुसतं फिरत बसतं. नेटवाला म्हणतो, दोनशेचा घ्या. घेऊ का?" शंभर म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. मी म्हटले, "ताई, आधी घर बघू द्या, मग पैसे खर्च करा."

रविवारी गेलो. उधन्याकडच्या सोसायट्यांत असते तसेच घर. बारा फूट रुंद, चाळीस फूट खोल, तळमजला आणि वर एक मजला, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या घरांना लागून. नेटची तार रस्त्याकडून आली म्हणून राउटर पुढच्या खोलीत, तोही लोखंडी कपाटाच्या मागे. दिसायला बरे दिसत नाही म्हणून तिथे ठेवलेला. मुलीची अभ्यासाची जागा वर, अगदी मागच्या खोलीत. म्हणजे राउटर आणि वही-पुस्तके यांच्या मध्ये एक कपाट, दोन भिंती आणि एक सळईचा स्लॅब.

सोबत लॅपटॉप नेला होता. तो आधी तारेने थेट राउटरला जोडला. वेग आला छप्पन्न-साठ नव्हे, चांगला नव्वदच्या पुढे! म्हणजे प्लॅन घरापर्यंत पुरेपूर येत होता. तार काढून वाय-फायवर त्याच खोलीत मोजले तर बावीस. वर मुलीच्या टेबलाशी तीन-चार. दोनशेचा प्लॅन घेतला असता तर राउटरपर्यंत दोनशे आले असते, आणि टेबलाशी? तेच तीन-चार. दुखणे राउटरच्या पुढे, म्हणजे हवेत होते.

आता हे हवेतले प्रकरण समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला आपण वारंवारता शिकतो. एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते, ती तिची वारंवारता. घरच्या वाय-फायला दोन पट्टे असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी कंपने. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरा आणि भागाकार करा : पहिल्या पट्ट्याची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर येते, दुसऱ्याची साडेपाच ते सहा. एक लहर तुमच्या वितीपेक्षा थोडी लहान, दुसरी तुमच्या बोटाएवढी.

लांब तरंगलांबीची लहर भिंतीतून आणि स्लॅबमधून तुलनेने बरी पार होते. आखूड लहर वाटेत जास्त विरते. मग सगळ्यांनी २.४ वरच का राहू नये? कारण तो पट्टा अरुंद आहे आणि तिथे गर्दी फार आहे. विनापरवाना वापरासाठी भारत सरकारने हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये खुला केला. त्याची सगळी रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग, म्हणजे चॅनेल, जेमतेम तीन मिळतात : १, ६ आणि ११. याउलट ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ च्या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. सातपटीहून जास्त. (६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा खालचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदाही मे २०२५ मध्ये निघाला. पण त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही नव्या जातीचे लागतात, तेव्हा आज आपण दोनच पट्ट्यांचे पाहू.)

२.४ चा पट्टा म्हणजे उत्तरायणाच्या दिवशीचे आपल्या सुरतचे आकाश. ताईंच्या पुढच्या खोलीत उभे राहून मोबाइलमध्ये वाय-फायची यादी उघडली, तर शेजारपाजारची वीसेक नावे दिसली आणि बहुतेक सगळी याच पट्ट्यात. ब्लूटूथही तिथेच उडते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या दारातून जी किंचित गळती होते, ती माणसाला बाधत नाही, पण नाजूक वाय-फायला चांगलीच नडते. दूध गरम करताना व्हिडिओ अडखळला, तर तो भास नाही.

आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. बाकीची यंत्रे कान देऊन थांबतात आणि हवा मोकळी झाली की आपला नंबर लावतात. सोसायटीच्या नळावरची रांगच समजा. नळाला पाणी भरपूर आहे, पण कोणी अरुंद तोंडाची बाटली घेऊन बसला, तर मागच्या बादल्या खोळंबतात. दहा मेगाबिटची माहिती शंभराच्या वेगाने जोडलेला फोन सेकंदाच्या दहाव्या भागात उचलतो. तीच माहिती उचलायला पाचाच्या वेगाने लटकलेल्या जुन्या फोनला दोन सेकंद लागतात. वीसपट वेळ! तेवढा वेळ बाकीचे सगळे गप्प. म्हणून घरातले एक दूरचे, संथ यंत्र सगळ्या घराला संथ करू शकते.

ताईंच्या घरी काय काय जोडलेले होते ते मुलीनेच पाटीवर लिहून काढले. आईचा फोन (लेसच्या ऑर्डरी आणि साड्यांचे फोटो), वडिलांचा फोन, आजीचा जुना फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, एक मोबाइलवरून लागणारा बल्ब आणि तिचा स्वतःचा लॅपटॉप. सातही जण २.४ वर! राउटरला ५ चा पट्टा होता, पण दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होते आणि सुरुवातीला जो ज्याला चिकटला तो तिथेच राहिला होता.

इथे थोडे थांबून एक गोंधळ दूर करतो. वडिलांनी विचारले, "आमचा मोबाइल फोर-जी आहे, त्याला फाइव्ह कसे चालेल?" प्रश्न योग्यच आहे, कारण बाजाराने तीन निरनिराळे पाच आपल्यापुढे मांडून ठेवले आहेत. मोबाइलचे फाइव्ह-जी म्हणजे पाचवी पिढी. ती सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि तिचा घरच्या राउटरशी संबंध नाही. राउटरच्या नावापुढे येणारे ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. आणि खोक्यावर छापलेले वाय-फाय ५ म्हणजे वाय-फायच्या तंत्राची आवृत्ती. वाय-फाय ६ चा राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांवर चालतो, हे कळले की डोके शांत होते. तुमचा फोन ५ चा पट्टा ओळखतो का, हे बघायला दुकानात जायला नको. राउटरशेजारी उभे राहून यादीत ५ वाले नाव दिसते का ते पाहा. आजीच्या फोनवर ते दिसलेच नाही. त्यात ती सोयच नव्हती.

मग वाटणी सुरू केली. राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली. जुने नाव आणि जुना पासवर्ड २.४ लाच ठेवला, नवे नाव ५ ला दिले. असे केल्याने कॅमेरा आणि बल्ब पुन्हा जोडण्याची कटकट वाचते. ही छोटी यंत्रे बहुधा २.४ च ओळखतात आणि त्यांना वेग लागतही नाही. ती आहेत तिथेच राहिली. कॅमेरा मात्र दिवसभर चित्र वर पाठवत होता, त्याला हालचाल दिसली तरच पाठव असे सांगितले. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून त्याला हवेतून काढलेच आणि तीन मीटरच्या लॅन तारेने राउटरला जोडले. ज्या वस्तूला पाय नाहीत तिला तार, असा माझा साधा हिशेब आहे. आई-वडिलांचे फोन दिवसभर खालीच असतात, ते ५ वर गेले. त्यांच्या फोनमधून जुने नाव पुसून टाकावे लागले, नाहीतर फोन पुन्हा जुन्या घरी पळतात. पुढच्या खोलीत ५ वर वेग मोजला तर लॅपटॉपवर तारेइतकाच, नव्वदच्या आसपास.

राहिली मुलगी. मला वाटले होते तिलाही ५ द्यावे, संपले काम. वर जाऊन पाहतो तर ५ चे नाव येत होते आणि जात होते. स्लॅबने आखूड लहरीला अडवले होते. तेव्हा तिला २.४ वरच ठेवले! फरक इतकाच की आता त्या रांगेतून टीव्ही उठला होता, दोन फोन उठले होते आणि कॅमेरा गप्प झाला होता. शेजारची बहुतेक घरे ६ वर होती, म्हणून आपला चॅनेल ११ केला. मार्गाची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. दाट वस्तीत २.४ वर ४० ठेवणे म्हणजे अर्धा रस्ता एकट्याने अडवून स्वतःही खोळंबणे. राउटर कपाटामागून काढून जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर, छातीच्या उंचीवर टांगला. हे काम मात्र नेटवाल्याच्या माणसाकडूनच करून घेतले, कारण फायबरची तार काचेची असते, घरच्या घरी वाकवली की मोडते. लोखंड लहरींना परतवते आणि पाणी त्यांना शोषते, तेव्हा कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि माशांची पेटी यांच्या आड राउटर नको.

त्या संध्याकाळी मुलीच्या टेबलाशी बारा ते पंधरा मिळाले. आकडा मोठा नाही. पण धड्याच्या व्हिडिओला चार-पाच पुरतात आणि ते अखंड मिळणे महत्त्वाचे. तिने पूर्ण धडा न थांबता पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या वडिलांनी जिन्याच्या कडेने लॅनची तार वर नेली आणि पडून असलेला जुना राउटर तिथे जोडून दिला. आता वरच्या मजल्याला स्वतःचे वाय-फाय आहे. लॅनची अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा आपल्याकडच्या घरांना काही अडचण नाही. दोनशेचा प्लॅन त्यांनी अजून घेतलेला नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. या आखूड लहरींशी आपला देश फार जुना परिचित आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमोर प्रयोग केला. तारेवाचून, मधल्या भिंती ओलांडून लहर पोहोचवली, दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांच्या काही लहरी अवघ्या पाच मिलिमीटरच्या होत्या, आपल्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरीहून कितीतरी आखूड.

विश्वस्त मंडळासही या निमित्ताने एक विनंती. आपल्या संगणक कक्षातील संगणक जागचे हलत नाहीत. ते सगळे एकाच तासाला वाय-फायवर उघडतात, तेव्हा शेवटच्या रांगेतील मुलांचा अर्धा तास वाट पाहण्यात जातो. भिंतीच्या कडेने लॅन तारा टाकून ते सर्व तारेवर घ्यावेत आणि हवा शिक्षकांच्या मोबाइल व लॅपटॉपसाठी मोकळी ठेवावी. याचा खर्च नवीन मोठा प्लॅन घेण्यासारखा दरमहा नाही, एकदाच आहे.

ज्या पालकांना घरी ही वाटणी करून पाहायची आहे, त्यांनी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. येताना घराचा साधा नकाशा कागदावर काढून आणावा, राउटर कुठे आणि मुले कुठे बसतात ते त्यात दाखवावे. राउटरच्या मागच्या चिठ्ठीचा फोटोही आणावा. त्या चिठ्ठीवर पासवर्ड छापलेला असतो, तेवढा अंगठ्याने झाकून फोटो घ्यावा.