हायड्रोजन हिरवा कसा?

१ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघाचे फोटो टिपले. खगोलशास्त्रज्ञ जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी त्यांतून साकारलेलं ‘निर्मितीचे स्तंभ’ हे चित्र पुढे पोस्टरांपासून टपाल तिकिटापर्यंत सगळीकडे झळकलं. त्यात हायड्रोजन हिरवा दिसतो. प्रत्यक्षात तो तिथे लाल चमकतो.

मग चित्र खोटं? मुळीच नाही. हबलचा कॅमेरा कृष्णधवल. त्याच्यापुढे आळीपाळीने तीन नॅरोबँड फिल्टर लावले होते. असा फिल्टर मोजक्या नॅनोमीटरचा पट्टा सोडून बाकी सगळा प्रकाश अडवतो. गंधकाचा प्रकाश ६७२ नॅनोमीटरच्या आसपास, हायड्रोजनचा ६५६, ऑक्सिजनचा ५०१. पहिले दोन्ही लालच! खऱ्या रंगांत ते एकमेकांत मिसळून गेले असते आणि कुठला वायू कुठे आहे, हे कळलंच नसतं. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. रंग बदलले, पण तरंगलांबीचा चढता-उतरता क्रम मोडला नाही. हीच ती ‘हबल पॅलेट’.

आज हौशी मंडळीही शहरातल्या गच्चीवरून हे करतात, कारण दिव्यांचा आणि चांदण्याचा बराचसा उजेड फिल्टरच गाळून टाकतो. खरी परीक्षा संगणकावर. तीन करड्या फ्रेम जशाच्या तशा एकत्र केल्या की पडदाभर हिरवं रान माजतं, कारण हायड्रोजन इतर दोघांपेक्षा कितीतरी प्रखर असतो. मग गंधक आणि ऑक्सिजन ताणून उजळायचे, जास्तीचा हिरवा ‘पिक्सइनसाइट’सारख्या सॉफ्टवेअरने उतरवायचा. हायड्रोजन-गंधक जिथे एकत्र, तिथे सोनेरी छटा येते. ऑक्सिजन निळा उठून दिसतो.

याची किंमत तारे मोजतात. लाल-निळा वाढला, हिरवा घटला, की ते भडक जांभळट-गुलाबी होतात. त्यावर उपाय म्हणजे साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून ताऱ्यांचे वेगळे फोटो घेऊन ते चित्रात बसवायचे.

इथवर सगळं रास्त. पण क्षीण ऑक्सिजन हावरेपणाने ताणला, तर कॅमेऱ्याचा गोंगाटही, म्हणजे फोटोतला निरर्थक दाणेदारपणा, निळ्या धुक्यासारखा दिसू लागतो आणि नसलेला वायू चित्रात अवतरतो. समाजमाध्यमांवरच्या कित्येक देखण्या चित्रांत हा दोष असतो. तेव्हा असं चित्र आवडलं तर खालची ओळही वाचा: कुठला फिल्टर, त्याला कुठला रंग आणि एकूण किती तासांचा प्रकाश. ही माहिती नसेल, तर चित्रकाराला विचारा.