रस्त्याला मुरूम, गावाला पाणी



दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. एका सभासदाच्या उसाची वाढ पाहायला आम्ही बांधावर गेलो. ज्या वावरात पूर्वी आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला पाहिला होता, तिथे सहा महिन्यांची लागण गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली. चौकशी केली तेव्हा कळले, रस्त्याच्या भरावासाठी ठेकेदाराने हातभर माती उचलून नेली होती. "रोख पैसे मिळत होते साहेब, नाही कसं म्हणायचं?"

त्यांना दोष देत नाही. पण वरची वीतभर माती हीच उसाची शिदोरी. सेंद्रिय कर्ब, जिवाणू, पांढरी मुळी सगळे तिथेच. ती गेली की नुसत्या खताने भरून निघत नाही.

मग रस्ते करायचेच नाहीत का? करायचेच. आपला ऊस वेळेत गव्हाणीत पडायचा तर चांगला रस्ता हवाच. प्रश्न इतकाच, की भरावाची माती आणायची कुठून?

याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्याने दिले. तिथे राष्ट्रीय महामार्गांच्या कामांना लागणारी माती आणि मुरूम गावतळी, नाले, नद्या खोल करून काढला. ठेकेदाराला भराव मिळाला, गावाला पाण्याचा साठा मिळाला आणि तळे खोदायला सरकारला वेगळा पैसा घालावा लागला नाही. यालाच 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टरचे तळे एक मीटर खोल केले, तर १०,००० घनमीटर माल निघतो. तेवढीच जागा पाण्याला होते, म्हणजे १ कोटी लिटर. एका टिपरमध्ये १० घनमीटर धरले तर १,००० खेपा झाल्या. हा माल लांबच्या खाणीऐवजी १० किलोमीटर जवळून मिळाला, तर जाऊन-येऊन २०,००० किलोमीटर वाचले. टिपर लिटरला ३ किलोमीटर चालतो असे धरा. साडेसहा हजार लिटरच्या वर डिझेल वाचले आणि हवेत जाणारा १७ टनांहून अधिक कार्बन वायू टळला. शिवाय कोणाचे वावर खरवडले गेले नाही.

मात्र काही पथ्ये पाळावीत. तळ्यातला वरचा काळा गाळ भरावाला चालत नाही. पाण्याने फुगतो, उन्हात भेगाळतो, रस्ता खचतो. तो गाळ हलक्या रानात टाकावा, पण आधी माती परीक्षण करून क्षार पाहावेत. खालचा मुरूम रस्त्याला द्यावा. बांधाच्या पायथ्याशी खोदू देऊ नये. तळाचा पाणी धरणारा थर फोडू नये, नाहीतर तळे गळके होईल. ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी घेतल्याशिवाय पोकलेन लावू देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाच्या जवळची. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जैव डांबराच्या तुकड्याचे उद्घाटन झाले. त्यात १५ टक्के डांबराऐवजी लिग्निन वापरले आहे. झाडाच्या काडीला कडकपणा देणारे द्रव्य म्हणजे लिग्निन, आणि ते आपल्या बगॅसमध्येही असते. त्याचा उद्याच भाव मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण शेतातला काडीकचरा रस्त्यावर उपयोगी पडू शकतो, एवढे नक्की. निदान पाचट पेटवताना हात आखडावा.

तेव्हा ठेकेदाराचा माणूस दारात आला, तर त्याला वावर दाखवू नका, गावतळे दाखवा. सही करण्यापूर्वी गट ऑफिसला एक चक्कर मारा. आम्ही स्वतः जागेवर येऊन माती पाहू. पैसा चार महिन्यांत संपतो, माती मात्र नातवंडांना पुरवायची आहे.

— ऊस विकास अधिकारी