एकचाकी सायकल : भुजा व पायटे बदलणे

एकचाकी सायकलीच्या आसाच्या दोन्ही टोकांवर जे आखूड दांडे घट्ट बसविलेले असतात त्यांना भुजा अथवा क्रँक म्हणतात. भुजांच्या मोकळ्या टोकांना आट्यांनी जोडलेले व स्वतःभोवती फिरणारे भाग म्हणजे पायटे अथवा पायडल होत. नेहमीच्या सायकलीत पायांचा जोर दंतचक्र व साखळी यांच्यामार्फत मागील चाकास मिळतो; एकचाकीत तो सरळ आसावर येतो. त्यामुळे पायट्यांच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. फ्रीव्हील नसल्याने चाक थोपविणे, मागे नेणे व तोल सावरणे ही कामेही पायट्यांवर उलट दाब देऊनच केली जातात. भुजेच्या जोडास असे दोन्ही दिशांनी हिसके बसत असल्याने तो नेहमीच्या सायकलीतील जोडापेक्षा लवकर सैल होतो. शिवाय एकचाकी पडते ती बहुधा पायट्यावर व बैठकीवर; म्हणून पायटे हा तिचा सर्वांत आधी निकामी होणारा भाग होय.

मोठ्या पुढच्या चाकाच्या ज्या सायकली १८७० नंतरच्या दशकात प्रचारात होत्या त्यांतही भुजा थेट आसावर असत व त्यांपासूनच एकचाकी उत्क्रांत झाली, असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रातील लोकांस हे वाहन मुख्यतः सर्कशीमुळे परिचित झाले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचे खेळ सुरू केले व त्यानंतर सांगलीच्या परिसरातून अनेक सर्कशी निघाल्या [⟶ सर्कस]. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एकचाकीचे खास सुटे भाग मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. तथापि साध्या सायकलीचे पायटे व पाने यांवर तेथेही बरेचसे काम भागू शकते. मात्र डावे-उजवे ओळखता आले पाहिजे.

उजव्या पायट्याचे आटे नेहमीप्रमाणे उजवे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास आवळले जाणारे असतात; डाव्याचे आटे उलटे असतात. यामागील कारण सहज लक्षात येत नाही. पायट्यातील धारव्यांचे घर्षण खिळीला सैल होण्याच्या दिशेने ओढीत असते. तेव्हा आटे याच्या उलट असावयास हवे होते, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु खिळी व भुजेचे छिद्र यांत आवळल्यावरही अतिसूक्ष्म फट राहते. पायाचा दाब नेहमी खालच्या दिशेने असतो व भुजा फिरत असते. त्यामुळे भुजेच्या दृष्टीने दाबाची दिशा उलट फिरते आणि खिळी छिद्राच्या कडेने गडगडत त्याच्या विरुद्ध, म्हणजे भुजेच्याच दिशेने किंचित सरकते. हा परिणाम घर्षणापेक्षा बराच प्रबळ असल्याने पुढे चालताना दोन्ही पायटे आपोआप आवळलेले राहतात.

एकचाकीत नेमका येथेच घोटाळा होतो. तिचे चाक दोन्ही अंगांनी सारखेच दिसते. पंक्चर काढून चाक चिमट्यात परत बसविताना ते उलटे गेले, अथवा बैठक मागची पुढे झाली, तर डावी भुजा उजव्या पायाखाली येते. वाहन पूर्वीसारखेच चालते, पण प्रत्येक फेऱ्याबरोबर पायटे सैल होऊ लागतात. अर्धवट सुटलेल्या पोलादी खिळीवर शरीराचा भार आला की ॲल्युमिनियमच्या भुजेतील आटे झडतात व पायटा भर चालीत निखळतो. अशी भुजा बहुधा टाकूनच द्यावी लागते. यासाठी चाक काढण्यापूर्वी खिळीच्या टोकावर किंवा भुजेच्या मागील बाजूस कोरलेली डाव्या-उजव्याची खूण पाहावी. खूण नसल्यास रंगाचा ठिपका द्यावा.

पायटा काढताना पाना वरच्या बाजूस धरून चाकाच्या मागील दिशेकडे ओढावा व बसविताना पुढील दिशेकडे न्यावा. हा नियम दोन्ही बाजूंस लागू पडतो. आट्यांना आधी ग्रीस लावावे व पहिले काही फेरे हातानेच द्यावे. हाताने न फिरणारा पायटा पान्याने रेटणे म्हणजे आटे कापणे होय. आट्यांचे माप बहुधा ९/१६ इंच व्यासाचे व इंचास २० आट्यांचे असते. अखंड दांड्याच्या भुजांत ते १/२ इंच असते.

जुन्या धर्तीच्या भुजा कॉटर नावाच्या पाचरीने आसावर अडकविलेल्या असतात. कॉटर ठोकून काढताना भुजेखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा, अन्यथा घाव धारव्यांवर जातो. बसविताना, प्रत्येक भुजा खाली आणली असता तिचा कॉटर एकाच दिशेने शिरेल असे पाहावे. तसे न केल्यास दोन भुजा एका सरळ रेषेत येत नाहीत. चौकोनी निमुळत्या आसावरील भुजा काढण्यास मात्र खास ओढणीच लागते. हातोडीने ती निघाली तरी धारवे बिघडतात. अशी भुजा सुमारे ३५ ते ४० न्यूटन-मीटर परिबलाने आवळतात. ती कुरकुर करू लागताच थांबावे, कारण सैल भुजेवर थोडे अंतर चालविले तरी तिच्या मऊ धातूतील चौकोनी छिद्राचे कोपरे गोलावतात व मग कितीही आवळले तरी ती टिकत नाही.

नवी भुजा जुन्याच लांबीची असावी, असे नाही. वीस इंची चाकास साधारणपणे ११४ ते १२७ मिमी. लांबीच्या भुजा वापरतात. लांब भुजेने चढ चढणे व थांबणे सुकर होते. आखूड भुजेने पायांचा फेरा लहान होऊन चाल जलद व संथ डौलाची होते, परंतु चाक थोपविण्यास अधिक जोर लागतो. वीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मी. जाते; म्हणजे मिनिटास ६० फेरे मारले तरी ताशी वेग जेमतेम ५.७ किमी. भरतो. म्हणून लांबच्या प्रवासासाठी ३६ इंची चाके वापरतात. भुजा बदलल्यावर बैठकीची उंचीही पुन्हा जुळवावी लागते: भुजा जितकी आखूड केली असेल तितकी बैठक वर घ्यावी.