पूर्णा जंक्शनवरून पृथ्वीप्रदक्षिणा : भाडे १३,८५५ रुपये

साडेतीनशे किलोमीटरला १२१ रुपये. जनरल डब्याच्या भाड्याचा हा आकडा रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितला. तेवढ्याच अंतराला बांगलादेशात ३२३, श्रीलंकेत ४१३ आणि पाकिस्तानात ४३६ रुपये पडतात, हेही त्यांनी सांगितले. नांदेडहून पूर्णा, परभणी, जालना करत मनमाडला पोहोचले की साधारण एवढेच अंतर होते. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेच्या फलाटावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही, कारण त्याने हे तिकीट शेकडो वेळा काढलेले असते. मला मात्र या आकड्याने काही दिवस झोपू दिले नाही. मी कागद घेतला आणि गुणाकार करत सुटलो.

१२१ भागिले ३५० म्हणजे किलोमीटरला साडेचौतीस पैसे. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. नांदेड–मनमाडच्या जनरल डब्याच्या दराने पृथ्वीला फेरी मारायची तर भाडे होते १३,८५५ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे परभणी जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर खडी टाकणाऱ्या बाईची साधारण ४४ दिवसांची मजुरी आणि पृथ्वीची एक प्रदक्षिणा यांची किंमत जवळजवळ एकच. पाकिस्तानच्या दराने हीच फेरी ४९,९०० रुपयांच्या पुढे जाते. आपली मेल-एक्स्प्रेस गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास सरासरीने धावते. त्या वेगाने न थांबता निघाले तर ३४व्या दिवशी माणूस पुन्हा पूर्णेत उतरेल.

याच दराने चंद्र किती लांब आहे, तेही पाहिले. सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे १ लाख ३३ हजार रुपयांच्या आत. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ट्रान्स-सायबेरियन मार्ग ९,२८९ किलोमीटरचा. जगभरच्या प्रवाशांचे ते स्वप्न असते आणि गाडीत जवळजवळ सात दिवस जातात. आपल्या दराने त्याचे ३,२११ रुपये होतात. आपल्याकडे कन्याकुमारी ते दिब्रुगड धावणारी विवेक एक्स्प्रेस सुमारे ४,२०० किलोमीटर जाते, म्हणजे ट्रान्स-सायबेरियनच्या निम्म्याहून थोडी कमी. हा हिशेबही खरे तर चढा आहे. अंतर वाढते तसा रेल्वेचा दर किलोमीटरमागे उतरत जातो, त्यामुळे लांबच्या प्रवासाचे खरे तिकीट माझ्या गुणाकारापेक्षा स्वस्तच निघते. मार्च २०२५ नंतर भाडे थोडे वाढले आहे, तेही जोडून घ्या : किलोमीटरला एक पैसा वाढला की पृथ्वीप्रदक्षिणा ४०१ रुपयांनी महागते.

हे स्वस्त तिकीट वापरून देशातली माणसे किती फिरतात, याचा आकडा तर कागदावर मावत नाही. २०१८-१९ या एका वर्षात भारतीय रेल्वेवर सुमारे ८४४ कोटी प्रवास झाले. त्या वेळी पृथ्वीवर एवढी माणसेही नव्हती. सगळ्यांनी मिळून कापलेले अंतर होते १ लाख १५ हजार ७०० कोटी किलोमीटर. त्याला पृथ्वीच्या घेराने भागले तर वर्षाला सुमारे २ कोटी ८९ लाख प्रदक्षिणा होतात. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख. म्हणजे दर १.१ सेकंदाला एक पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होत होती, रात्रंदिवस, वर्षभर. एवढे अंतर कापायला प्रकाशाला ४४ दिवसांहून जास्त लागतात. सूर्यावरून निघालेला तोच प्रकाश आपल्यापर्यंत आठ मिनिटांत येतो. कुणी सोयाबीन विकून परतणारा, कुणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, कुणी पोलीस भरतीची परीक्षा द्यायला चाललेला, अशा लोकांनी डब्यात बसून, बऱ्याचदा दाराशी उभे राहून, हे अंतर कापले आहे.

या जाळ्यात पूर्णा नेमकी कुठे बसते, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे. निजामाच्या काळात मनमाड–सिकंदराबाद ही मीटर गेज लाइन या भागातून गेली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला. १९६०च्या सुमारास तो अकोल्यावरून खंडव्यापर्यंत जोडला गेला आणि एक मीटर रुंदीच्या त्या रुळांनी उत्तर आणि दक्षिण एकमेकांना मिळाल्या. तोवर देशाच्या दोन टोकांची मीटर गेज जाळी वेगळीवेगळी होती. त्यानंतर एकाच रुंदीच्या रुळांवरून राजस्थानातून निघालेला डबा इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा, सिकंदराबाद करत थेट तामिळनाडूत उतरू शकत होता. जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने पूर्णेला येई. अकोट–खंडवा टप्प्यात धूळघाटला ही लाइन मेळघाटच्या जंगलात वेटोळे घेत स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जात असे. चढ सोपा व्हावा म्हणून अभियंत्यांनी रूळच असे गुंडाळले होते. असले काही पाहायला लोक विमानाने परदेशी जातात. आपल्या लोकांनी ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात, खिडकीला डोके टेकवून पाहिले. पूर्णा–अकोला या २१० किलोमीटरवर आता ब्रॉड गेज आहे. अकोट–खंडवा मात्र रुंदीकरणासाठी बंद झाले आणि व्याघ्र प्रकल्प टाळून नवी वाट धरायचे ठरले. वाघांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

त्या जुन्या गाडीने आणखी एक दार उघडले होते. खंडव्याच्या पुढे ती ओंकारेश्वर रोडला थांबून नर्मदा ओलांडत असे. नर्मदा परिक्रमेला निघणारा मराठवाड्यातला माणूस पूर्णेत गाडीत बसला की थेट नर्मदेच्या काठी उतरे. साहस आणि स्वस्ताई एकत्र कुठे पाहायची असेल तर या परिक्रमेत पाहावी. नदी १,३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ मिळून चालणे २,६०० किलोमीटरच्या घरात. एक पाऊल ७० सेंटीमीटर धरले तर ३७ लाख पावले. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. खर्च जवळजवळ शून्य, कारण काठावरची गावे सदावर्त देतात : शिधा, डाळ-तांदूळ, कधी पिठले-भाकरी, ओसरीवर झोपायला जागा. जगात पायी फिरण्याच्या प्रसिद्ध वाटा पुष्कळ आहेत. पण हजारो किलोमीटरच्या वाटेवर, अनोळखी माणसाला गरीब घरांनी जेवू घालायचे आणि त्याचा हिशेब कुणी ठेवायचा नाही, ही व्यवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर मला दुसरीकडे माहीत नाही.

तशीच दुसरी व्यवस्था रुळांवर चालते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस पूर्णेवरून पुढे जाते. नांदेड–अमृतसर अंतर २,०८१ किलोमीटर. वाटेत परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, भोपाळ, नवी दिल्ली अशा स्थानकांवर शीख भाविक गाडीतल्या प्रवाशांना लंगर वाढतात. कढी-भात, डाळ, छोले, भाजी. प्रवासी आपापले डबे पुढे करतात, जात-धर्म कुणी विचारत नाही. पूर्णा ते अमृतसर आपल्या साडेचौतीस पैशांच्या दराने धरले तर साधारण ७१० रुपये होतात, आणि जेवणाचा खर्च वाचतो.

या वाटेवर पूर्णेच्या परिसरातला एक माणूस सातशे वर्षांपूर्वी गेला होता, तिकिटाशिवाय आणि गाडीशिवाय. संत नामदेव. हिंगोलीजवळचे नर्सी हे त्यांचे गाव मानले जाते, आणि आयुष्यातली अनेक वर्षे त्यांनी पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला काढली. नर्सी ते घुमान वाट दीड हजार किलोमीटरहून कमी नाही. एका बाजूने २१ लाखांहून जास्त पावले. तापी, नर्मदा, चंबळ, सतलज अशा नद्या मध्ये, आणि भाषा दर काही मुक्कामांनी बदलणारी. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५च्या एप्रिलमध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले आणि महाराष्ट्रातून हजारो माणसे रेल्वेने तिकडे गेली. नामदेवांना महिने लागले असतील ते अंतर रेल्वेला दोन दिवसांचे.

पृथ्वीप्रदक्षिणा माणसांनी सायकलवरही केली आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवरून २९,००० किलोमीटर कापले, १४ देशांतून, १५९ दिवसांत, वयाच्या विसाव्या वर्षी. सरासरी काढली तर रोज १८२ किलोमीटर. पूर्णेहून सायकलवर टांग टाकून संध्याकाळी अकोल्याच्या अलीकडे उतरायचे, आणि असे पाच महिन्यांहून जास्त दिवस, मागे सामानाची गाडी नसताना. स्पेनमध्ये तिला लुटले गेले, रशियात ती बर्फातून गेली, तरी थांबली नाही. तिच्या आधी १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारसी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, १९२८ मध्ये तो पुरा केला. सुमारे ७१,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या घेराच्या पावणेदोन पट. साहसी प्रवासाची गोष्ट निघाली की आपण परदेशी नावे घेतो. ही नावे आपल्या शाळांच्या भिंतींवर असायला हवीत.

फुकट प्रवासाचे एक अतिशय खडतर उदाहरण मॉरिटानियाचे. तिथे सहारा वाळवंटातून लोहखनिज वाहणारी गाडी अडीच किलोमीटरपर्यंत लांब असते आणि झुएरात ते नुआधिबू हे सुमारे ७०० किलोमीटर अंतर जाते. स्थानिक माणसे आणि धाडसी प्रवासी उघड्या वाघिणीत, खनिजाच्या ढिगावर बसून विनातिकीट जात आले आहेत. दिवसा ऊन, रात्री बोचरी थंडी, तोंडात लोखंडाची धूळ. आपली चोवीस डब्यांची गाडी साधारण साडेपाचशे मीटर लांब. अशा चार गाड्या एकामागे एक लावल्या तरी ती लांबी गाठत नाही.

स्वस्त तिकिटाची खरी किंमत कळते ते मात्र ते मिळेनासे होते तेव्हा. मार्च २०२० मध्ये देशातल्या प्रवासी गाड्या एकदम थांबल्या आणि प्रत्येक अंतर पुन्हा नामदेवांच्या काळाएवढे झाले. आपल्याच लाइनवर, जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले मजूर रुळांच्या कडेने चालत होते. अनेक किलोमीटर चालून करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले १६ जण गेले. पॅसेंजर गाडीत तेवढ्या अंतराला दहा रुपयांच्या आसपास तिकीट पडे.

म्हणून मला जनरल डब्याची काळजी वाटते. रेल्वेमंत्र्यांनी त्याच वेळी सांगितले होते की एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यास रेल्वेला १ रुपया ३८ पैसे लागतात आणि ती सरासरी ७३ पैसेच घेते. ही तूट देश भरून काढतो, आणि काढलीच पाहिजे. एवढा मोठा देश एवढ्या कमी पैशांत सगळ्यांना पालथा घालता येणे ही आपली फार मोठी कमाई आहे. पण डब्यात पाय ठेवायला जागा नसेल, बाया-मुलांना संडासाच्या दाराशी रात्र काढावी लागत असेल, तर नुसता स्वस्त दर अपुरा आहे. जनरल डबे वाढवा, ही मागणी मराठवाड्यातून मोठ्याने व्हायला हवी.

आणि ज्यांना फिरायचे आहे त्यांच्यासाठी. देशात सात हजार तीनशेच्या आसपास स्टेशने आहेत. एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर अशा जोड्या मांडल्या तर सुमारे ५ कोटी ३३ लाख वेगवेगळे प्रवास होतात. रोज एक केला तर १ लाख ४६ हजार वर्षे पुरतील. त्यातले काही तरी आपण करूच शकतो. हजार किलोमीटरपुढच्या तिकिटावर वाटेत दोनदा, प्रत्येकी दोन दिवस उतरता येते, फक्त पहिले उतरणे पाचशे किलोमीटरनंतर हवे. याशिवाय रेल्वेचे चक्री तिकीट आहे : जिथून निघालो तिथेच परत, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी मुक्काम, आणि सगळ्या फेरीला लांब पल्ल्याचा उतरता दर. त्यासाठी आपला मार्ग लिहून विभागाच्या वाणिज्य कार्यालयात अर्ज करावा लागतो. पूर्णेसाठी हे कार्यालय नांदेडला आहे, गाडीने तिसेक किलोमीटरवर.