निरोगी रक्तातील प्रतिकारपेशींचे प्रमाण आणि आनुवंशिकता

डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत प्रकाशात आणलेला ‘बॉम्बे’ रक्तगट हे रक्तातील आनुवंशिकतेचे आपल्याकडील सुपरिचित उदाहरण होय. तेथे एच प्रतिजन तांबड्या पेशींवर असतो किंवा नसतो. प्रतिकारपेशींच्या संख्येचा प्रश्न इतका सरळ नाही. घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी ४,००० असोत वा ११,०००, प्रौढ व्यक्ती निरोगीच गणली जाते. या विस्तृत मर्यादेत कोणाचे प्रमाण कोठे स्थिरावावे, हे बव्हंशी अनेक जनुकांच्या अल्प-अल्प प्रभावाने ठरते. सार्डिनिया बेटावरील ३,७५७ व्यक्तींच्या रक्तातील ७३१ पेशीलक्षणे तपासून २०२० साली असे ७० जनुकस्थाने निश्चित करण्यात आली.

परंतु परिस्थितीचा वाटाही लहान नाही. २१० निरोगी जुळ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात, मोजलेल्या २०४ लक्षणांपैकी ७७ टक्क्यांत निम्म्याहून अधिक भिन्नता आनुवंशिक नसल्याचे आढळले. सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग जुळ्यांपैकी एकासच झाला, तर दोघांची रक्तचित्रे बरीच दुरावतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आनुवंशिकतेचा ‘वाटा’ हे भिन्नतेचे गुणोत्तर आहे. तो पेशीचा स्वाभाविक गुण नव्हे. भारतात हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात पूर्वीच पोहोचलेला असतो. गडमुडशिंगीसारख्या गावात तो जवळजवळ सर्वांनाच असेल, तर माणसामाणसांतील फरकास तो फारसा कारण ठरणार नाही आणि, इतर गोष्टी समान असता, जनुकांचा वाटा अधिक दिसेल. पेशी त्याच, जनुकेही तीच. आकडा मात्र निराळा! युरोपात काढलेली टक्केवारी करवीर तालुक्यास जशीच्या तशी लावणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

डफी प्रतिजनाचे उदाहरण मात्र अपवादात्मक आहे. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ लोकांत एका जनुकबदलामुळे तो तांबड्या पेशींवर नसतो. हा बदल दोन्ही पालकांकडून आलेल्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल पेशी कमी आढळतात, हे २००९ साली दाखविण्यात आले. अशा व्यक्तींची संख्या १,५०० च्या खाली गेली तरी संसर्गाचा धोका त्यामुळे वाढलेला दिसत नाही. तथापि प्रयोगशाळेच्या तक्त्यात तो दोष ठरतो, आणि आवश्यक औषधही कधी विनाकारण थांबविले जाते. आफ्रिकी मूळ असलेल्या सिद्दी समाजाची वस्ती कोकणात व उत्तर कर्नाटकात आहे. तेथील वैद्यांसमोर असा अहवाल आला, तर रुग्णाचे पूर्वीचे अहवाल व डफी गट पाहिल्यावाचून औषध बंद करणे उचित होणार नाही.