हौदा वर का जात नाही?

इंग्रजी सिनेमात हिरो बटण दाबतो, गाडीचं कापडी छत घडी होऊन मागे जातं आणि आपण शिट्टी मारतो. त्यात जादू काही नाही. १९३९ साली अमेरिकेत प्लिमथ कंपनीने असं छत व्हॅक्यूमच्या सिलिंडरवर चालवलं. पुढे अनेक गाड्यांत एक छोटी इलेक्ट्रिक मोटर, तिला जोडलेला पंप आणि दोन बाजूंना दोन हायड्रॉलिक सिलिंडर आले. गाडी जुनी झाली, तेल झिरपून कमी झालं, की छत अर्ध्यात अडकतं आणि मालक पावसात भिजतो.

अशी गाडी सातारा-सांगलीच्या रस्त्यावर वर्षातून एखादी दिसली तर दिसली. पण पंप, व्हॉल्व्ह, पाइप, सिलिंडर ही तीच भावंडं आपल्याकडे गावोगाव फिरत असतात, ती ट्रॅक्टरमागच्या डंपिंग ट्रॉलीत. साखराळे, रेठरे किंवा शेंद्रे इथल्या कारखान्यांवर ऊस उतरवायला क्रेन असते, तिथे जॅकचं काम नाही. मुरूम, शेणखत, विटा, वाळू म्हटलं की मात्र हौदा उचलणारी ट्रॉली लागते. आणि ती कामाच्या ऐन गर्दीत अडते. तेव्हा मालक आपल्याकडे बघतो, कारण आपण "विंजनेरिंगला" असतो! फ्लुइड पॉवरच्या व्हायवात सुटलेले आपण तिथे मात्र हमखास अडकतो, म्हणून हा लेख.

आधी थोडा हिशोब. समजा जॅकच्या दट्ट्याचा व्यास १०० मि.मी. आहे. क्षेत्रफळ झालं साधारण ७८.५ चौ. सें.मी. तेलाचा दाब १५० किलो प्रति चौ. सें.मी. मिळाला तर जोर मिळतो पावणेबारा टनांचा. ट्रॉलीत पाच-सव्वापाच टन मुरूम आणि हौद्याचं वजन एक टन, म्हणजे सव्वासहा टन. मग अडायचं कारणच काय, असं वाटेल. पण हौदा मागच्या बिजागरीवर फिरतो. माल सारखा भरला तर त्याचा भार बिजागरीपासून दीड मीटरवर येतो आणि जॅक समजा एक मीटरवर बसवलाय. मोमेंट काढा: ६.२ गुणिले १.५, म्हणजे ९.३ टन जोर हवा. त्याला दाब लागतो ११८. आता तोच माल पुढच्या बाजूला ढीग करून टाकला आणि भार १.८ मीटरवर गेला, तर दाब लागतो १४२! माल तोच, ट्रॅक्टर तोच, फक्त फावडं कुठे मारलं एवढाच फरक. नवा पंप हे सहन करतो, झिजलेला करत नाही. म्हणून "काल उचलली, आज उचलत नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी माल कुठे पडलाय ते बघतो.

सगळ्यात जास्त जोर पहिल्या वीतभर उचलीला लागतो. हौदा तिरका होईल तसा भार बिजागरीकडे सरकतो आणि काम हलकं होतं. टेलिस्कोपिक जॅकमध्ये सगळ्यात जाड नळी आधी निघते ती याचसाठी सोयीची. पुढच्या नळ्या बारीक, त्यांचा जोर कमी, पण त्या झटपट निघतात.

आता बिघाड. पहिला प्रश्न एकच विचारायचा: रिकामी ट्रॉली उचलते का?

रिकामीही हलत नसेल तर तेल जॅकपर्यंत पोचतच नाही असं धरून चला. पाइपच्या टोकाला दाबून बसवायचं कपलर असतं, त्याच्या आत स्प्रिंगवरची गोळी असते. कपलर पूर्ण बसलं नाही तर गोळी तेलाचा रस्ता अडवूनच धरते. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं आणि आत दार बंद. काही ट्रॅक्टरांना तेलाचा रस्ता बदलायची वेगळी चावी असते; ती लिफ्टकडे राहिली तर मागचे हात उचलतात आणि ट्रॉली ढिम्म. आणि जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरात अजून एक गंमत आहे. १९४६ साली कोव्हेंट्रीत निघालेल्या टी.ई. २० पासून त्यांचा पंप मागच्या पेटीतच, गिअरच्या तेलात बुडालेला आणि पी.टी.ओ.च्या शाफ्टवर फिरणारा. पी.टी.ओ.चा दांडा लावलाच नसेल तर इंजिन कितीही रेस करा, पंप झोपलेलाच! सिंगल क्लच असेल तर क्लच दाबल्यावरही तो थांबतो.

अर्ध्यात थांबत असेल तर तेल बघा. १०० मि.मी.चा जॅक एक मीटर वर गेला की त्यात जवळजवळ आठ लिटर तेल जातं. हे तेल ट्रॅक्टरच्या पेटीतूनच येतं. पेटीत मुळात कमी असेल तर मध्येच पंपाला हवा ओढावी लागते, तो रडल्यासारखा आवाज करतो, तेलाला फेस येतो. पातळी नेहमी हौदा खाली टेकवून बघायची. वर असताना बघून भरलंत तर खाली येताना ते आठ लिटर परत येऊन पेटी उतू जाईल. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलायलाच हवं. फेस मात्र बऱ्याचदा पातळी नीट करून आणि रिकामी ट्रॉली चार-पाच वेळा वर-खाली केली की जातो.

रिकामी उचलते पण भरलेली नाही, म्हणजे तेल येतंय पण दाब धरत नाही. गाळणी तुंबलेली, पंप झिजलेला किंवा रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा. इथे आपल्याकडची एक लाडकी युक्ती म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवणे. ट्रॉली उचलते, मिस्त्रीला चहा मिळतो, आणि महिन्याभरात पाइप फुटतो नाहीतर पंपाचा शाफ्ट जातो. दाब मोजायला गेज लावा, ते काही फार महाग नाही. वॉशर घालणाऱ्याला गेज कुठे लावायचं विचारलं तर तो विषय बदलतो, हा माझा अनुभव.

उचललेला हौदा आपोआप खाली येत असेल तर जॅकची मान बघा. या जॅकला एकाच बाजूने तेल असतं, त्यामुळे सील गेलं तर तेल बाहेर ओघळतं. जॅक, पाइप सगळं कोरडं असूनही हौदा उतरतोय, तर तेल व्हॉल्व्हमधून परत पेटीत चाललंय. जॅक उघडून काहीच सापडणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पेठ नाक्याहून आष्ट्याकडे जाताना एका वस्तीवर माझा मावसभाऊ उचललेल्या हौद्याखाली वाकून पाइपचा नट आवळत होता. टेकू लावलेला नव्हता. मिस्त्री लांबूनच ओरडला, "आधी भाईर ये! वर काय बांधून ठेवलंय व्हय?" भाऊ चिडून बाहेर आला. मिस्त्रीने काठीने तो पाइप बाजूला केला तर आतल्या अंगाला रबर सुटून तारा दिसत होत्या. तो पाइप फुटला असता तर आठ लिटर तेल निघून जायला वेळ लागला नसता, आणि एक टन हौदा खाली आला असता. रिकामा हौदासुद्धा एक टन असतो हे आपण विसरतो. चॅसीवर लोखंडी टेकू दिलेला असतो, तो माल काढून, रिकाम्या हौद्याला लावायचा. नट सैल करायचा तो हौदा पूर्ण खाली टेकवूनच. बारीक गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं. त्याची जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

आणि वर बघा. तीन मीटरचा हौदा ४५ अंशात उभा केला तर पुढचं टोक दोन मीटर दहा सें.मी. चढतं. बिजागरीची उंची आणि फळ्या धरल्या की साडेतीन-चार मीटर सहज होतात. शेतात भराव टाकून जमीन उंच झालेली असते, तारा मात्र होत्या तिथेच लोंबत असतात. चुकून हौदा तारेला लागलाच तर ड्रायव्हरने उतरायचं नाही, बाकीच्यांनी जवळ जायचं नाही, आणि महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्यायची.