पार्टनर निघाला, धंदा थांबला नाही

समजा, उद्या तुमचा मोठा पार्टनर म्हणाला, "माझा हिस्सा द्या, मी निघालो." काय कराल?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ २०१४ मध्ये एक फिल्म स्टुडिओ सुरू झाला: पाइनवूड अटलांटा. नाव ब्रिटनच्या प्रसिद्ध पाइनवूड कंपनीचं, सोबत स्थानिक गुंतवणूकदार. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'चं बरंचसं शूटिंग इथलंच. पण २०१९ मध्ये पाइनवूडने आपला हिस्सा विकला. २०२० मध्ये पाटीही बदलली: ट्रिलिथ स्टुडिओज.

शूटिंग मात्र थांबलं नाही. 'स्पायडर-मॅन: नो वे होम' त्यानंतर इथेच शूट झाला. कारण हिस्सा स्थानिक भागीदारांनीच घेतला, शूटिंगचे फ्लोअर जागेवर होते आणि निर्मात्यांना राज्याची ३० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळतच होती. ग्राहक पाटी बघून नाही, सोय बघून येत होता.

आता तुमचं बघा. ब्रँड कुणाच्या नावावर? जागेचा करार कुणाचा? ग्राहकांचे नंबर कुणाच्या फोनमध्ये? पार्टनर निघाला तर त्याचा हिस्सा कोण घेणार, किंमत कशी ठरणार, पैसे किती दिवसांत द्यायचे? हे भागीदारी करारात लिहिलंय का?

नसेल तर याच आठवड्यात बसा. संबंध गोड आहेत तोवरच कागद होतो. भांडण झालं की वकील लागतो.